आईचा सीटी स्कॅन ‘डाय’ देऊन करावा का?

पत्राचा सारांश: ठाण्यात नोकरी करणाऱ्या एका लेकीने सिंधुदुर्गात राहणाऱ्या आपल्या आईविषयी लिहिलं आहे. आई ६७ वर्षांची. बरीच वर्षं मधुमेह, गोळ्या चालू. चार महिन्यांत वजन आठ किलो उतरलं, जेवण जात नाही, पोटाच्या वरच्या भागात दुखतं आणि कळ पाठीत जाते. इतकी वर्षं आटोक्यात असलेली साखर अचानक वर गेली आहे. सोनोग्राफीत गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसलं नाही, म्हणून फिजिशियननी पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन, म्हणजे शिरेतून आयोडीन असलेलं औषध (‘डाय’) देऊन करायचा स्कॅन, सांगितला. मोठा भाऊ आईला कोल्हापूरला घेऊन गेला. किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.४ निघालं. कोळंबी किंवा तिसऱ्या (शिंपले) खाल्ल्या की आईच्या अंगावर पित्त उठतं, हे कळल्यावर तिथला तंत्रज्ञ म्हणाला, “मग आयोडीनची ॲलर्जी असणार, टेस्ट डोस देऊन बघू.” संमतीपत्रात जिवाला धोका असल्याचं वाक्य होतं. शेजारचे एक काका अँजिओग्राफीनंतर डायलिसिसवर गेले होते, ते भावाला आठवलं आणि तो आईला तपासणी न करताच घरी घेऊन आला. याला तीन आठवडे झाले. भावाचं म्हणणं, साधा सीटी करू, नाहीतर एमआरआय करू, त्यात डाय नसतो. आईला ‘पोटाचा फोटो काढायचाय’ एवढंच माहीत आहे. लेक विचारते, “मी आग्रह धरला आणि आईची किडनी गेली, तर दादा मला कधीच माफ करणार नाही. सही करायला सांगू का?”

प्रिय ताई,

पत्राच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण सगळा पेच तिथेच आहे. आग्रह धरला आणि काही बिघडलं तर दोष तुमचा, असं तुम्ही धरून चालला आहात. पण आग्रह धरला नाही आणि त्यामुळे काही बिघडलं, तर? तपासणी करायला सही लागते, म्हणून तिचा धोका कागदावर छापलेला दिसतो. तपासणी न करायला कुठेच सही लागत नाही. तीन आठवडे त्या न केलेल्या तपासणीचा धोका आईच घेत आहेत आणि त्याची चर्चा घरात झालेली नाही. तराजूत दोन्ही बाजू टाकल्याशिवाय हा निर्णय होणार नाही.

मी बरीच वर्षं क्ष-किरण विभागात काम केलं आहे. आईंचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा शेवटचा शब्द त्यांच्या फिजिशियनचा आणि रेडिओलॉजिस्टचा. पण ज्या चार-पाच गोष्टींमुळे दादा उठून घरी आले, त्यांतल्या बऱ्याचशा मी रोज ऐकत होते. त्या एकेक करून तपासता येतात.

पहिला प्रश्न, हे औषध हवंच कशाला? सीटीत शिरेतून देतात त्या औषधात आयोडीन असतं. आयोडीनचा अणू जड, तो क्ष-किरण चांगले अडवतो. त्यामुळे जिथे रक्त जास्त पोचतं तो भाग चित्रात उजळतो आणि जिथे कमी पोचतं तो काळपट राहतो. स्वादुपिंड रक्ताने भरलेलं असतं, आणि त्यात होणारी गाठ बहुतेक वेळा कमी रक्ताची असते. इंजेक्शननंतर साधारण ४० ते ४५ सेकंदांनी हा फरक सगळ्यात ठळक असतो, म्हणून त्या क्षणी एक फेरी घेतात. मग ७० सेकंदांच्या आसपास यकृतासाठी दुसरी. औषध दिलंच नाही तर गाठ आणि चांगला भाग जवळपास एकाच करड्या छटेत येतात. निवडायला घेतलेल्या तांदळातला पांढरा खडा शोधण्यासारखं ते आहे. असतो, पण डोळ्याला लागत नाही.

म्हणून ‘साधा सीटी करून घेऊ’ हा मधला मार्ग वाटतो, पण आईंच्या बाबतीत तो मार्ग नाही. किरणांचा डोस घ्यायचा, कोल्हापूरची खेप करायची, पैसे भरायचे, आणि अहवालात ‘कॉन्ट्रास्ट देऊन पुन्हा पाहावे’ असं वाचायचं. त्याहून वाईट म्हणजे ‘विशेष काही दिसत नाही’ असं वाचून निर्धास्त व्हायचं. मुतखडा शोधायचा असेल, डोक्याला मार लागल्यावर रक्तस्राव पाहायचा असेल, फुप्फुसांचा एचआरसीटी असेल, तर डाय लागत नाही. तिथे कुणी देऊ लागलं तर ‘कशासाठी?’ हे जरूर विचारावं. पोटातली गाठ, रक्तवाहिन्या, आतड्याला रक्त मिळतंय का, हे प्रश्न वेगळे. डॉक्टरांना विचारायचा खरा प्रश्न असा: “या तपासणीतून तुम्हाला काय ठरवायचं आहे, आणि डाय न देता ते ठरेल का?” उत्तर दोन वाक्यांत मिळायला हवं. मिळालं नाही तर पुन्हा विचारा.

आता किडनी. दादांची भीती हवेतली नाही. गेली अनेक दशकं डॉक्टरांनाही ती होती आणि क्रिएटिनिन जरा वाढलेलं दिसलं की आम्ही डाय टाळत असू. या भीतीचा उगम जुन्या औषधांत आहे. रक्ताची घनता, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, साधारण २९० असेल, तर त्या औषधांची १५०० च्या वर असे. रुग्णाला शिरेत आग होई, पायाच्या अँजिओग्राफीत लोक कळवळत. स्वीडनचे रेडिओलॉजिस्ट टॉर्स्टेन आल्मेन यांनी १९६० च्या दशकात याच वेदनेचा विचार करताना ओळखलं की दोष औषधाच्या या घनतेत आहे. १९६९ साली त्यांनी कमी घनतेच्या, विद्युतभार नसलेल्या रेणूंची कल्पना मांडली. आज वापरतात ती बहुतेक औषधं त्याच वाटेने आली. त्यांची घनता ६०० ते ८०० च्या घरात असते, आणि एक प्रकार तर जवळपास रक्ताइतकाच असतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जुन्या अभ्यासांत डाय दिल्यावर दोन दिवसांनी क्रिएटिनिन वाढलं की दोष डायवर जाई. पण असे रुग्ण मुळात आजारी असतात: जंतुसंसर्ग, उलट्या, कमी झालेला रक्तदाब, हृदयाची अडचण. त्यांचं क्रिएटिनिन डाय न देताही वरखाली होतं. गेल्या पंधरा-एक वर्षांत डाय घेतलेल्या आणि न घेतलेल्या सारख्या रुग्णांची तुलना झाली, तेव्हा बऱ्याच अभ्यासांत दोन्हीकडे वाढ साधारण सारखीच निघाली. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या आणि किडनीच्या डॉक्टरांच्या संघटनांनी एकत्र निवेदन काढून सांगितलं की हा धोका आजवर फुगवून मांडला गेला. धोका नाही, असं ते म्हणत नाहीत. तो मुख्यतः कुणाला, हे ते सांगतात: ज्यांचा ईजीएफआर ३० च्या खाली आहे किंवा ज्यांच्या किडनीला नुकताच, अचानक मार बसला आहे, त्यांना.

हा ईजीएफआर नीट समजून घ्या, कारण घराघरात लोक क्रिएटिनिनच्या आकड्यावरच घाबरतात. किडनी मिनिटाला किती रक्त गाळते याचा तो अंदाज असतो आणि तो वय, स्त्री-पुरुष आणि क्रिएटिनिन यांवरून काढतात. १.४ क्रिएटिनिन तिशीतल्या पुरुषाला असेल तर ईजीएफआर ७० च्या जवळ येतो. तेच १.४ तुमच्या ६७ वर्षांच्या आईंना असेल तर सध्याच्या सूत्राने तो साधारण ४१ येतो. म्हणजे किडनीचं काम कमी झालेलं आहे, हे खरं. ते मधुमेहामुळे असण्याची शक्यता मोठी आहे, आणि स्कॅनचं काहीही ठरो, त्यासाठी आईंना डॉक्टरांची नियमित नजर हवी. पण ३० च्या खाली त्या नाहीत.

नेदरलँड्समध्ये नेमक्या अशाच लोकांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ईजीएफआर ३० ते ५९ असलेले, धोक्याची आणखी कारणं असलेले ६६० रुग्ण. निम्म्यांना डायच्या आधी-नंतर सलाईन दिलं, निम्म्यांना काहीच दिलं नाही. क्रिएटिनिन ठरावीक मर्यादेपेक्षा वाढण्याचं प्रमाण एका गटात २.७ टक्के, दुसऱ्यात २.६ टक्के. डायलिसिस कुणालाच लागलं नाही. दादांना हा आकडा जरूर सांगा. मात्र सांगताना ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ असा सूर नको.

शेजारच्या काकांचं काय झालं असेल? मला माहीत नाही, आणि त्यांच्या घरच्यांचं दुःख मी आकड्यांनी पुसू शकत नाही. पण अँजिओग्राफीत औषध धमनीतून, हृदयाजवळून जातं. नळी पुढे सरकताना धमनीतल्या चरबीचे कण सुटून किडनीत अडकू शकतात. बहुतेक वेळा माणूस हृदयविकाराच्या झटक्यातून जात असतो, रक्तदाब पडलेला असतो. हातातल्या शिरेतून दिलेलं सीटीचं औषध आणि ती परिस्थिती एकाच मापाने मोजता येत नाही.

आईंच्या किडनीला त्रास होऊ नये म्हणून खरोखर करण्यासारखं काय आहे? क्रिएटिनिन तीन आठवड्यांपूर्वीचं आहे, जेवण कमी झालेलं आहे, तेव्हा ते पुन्हा करून घ्या आणि प्रयोगशाळेला ईजीएफआर लिहून द्यायला सांगा. पोटदुखीसाठी त्या कुठल्या वेदनाशामक गोळ्या घेतात ते पाहा. औषधाच्या दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या किडनीला निश्चित त्रास देतात, आणि अशा गोळ्यांबद्दल कुणी संमतीपत्र वाचून घाबरत नाही. दुखणं थांबवायला दुसरं काय द्यायचं, हे डॉक्टरांना विचारा. आदल्या दिवशी आणि नंतर दोन दिवस आईंनी पाणी, ताक, पेज असं पोटात जाऊ द्यावं. हृदय कमजोर असल्याने पाण्यावर मर्यादा घातली असेल तर अर्थात ती पाळावी. ईजीएफआर ३० ते ४४ या टप्प्यात, इतरही धोके असतील तर काही डॉक्टर सलाईन लावतात. ते त्यांच्यावर सोडा. नवा आकडा ३० च्या खाली आला, तर मात्र घाईने सही करू नका. आधी किडनीच्या डॉक्टरांशी बोला. तेव्हाही डाय अशक्य ठरत नाही, सलाईन देऊन, कमी मात्रेत तो देता येतो, पण विचार वेगळा करावा लागतो.

मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण त्यांत मेटफॉर्मिन असणार, असं मी धरते. मेटफॉर्मिनमुळे किडनी खराब होत नाही. किडनी अचानक मंदावली तर ते शरीरात साचतं आणि रक्तात आम्ल वाढू शकतं, एवढ्यासाठी ही काळजी. ईजीएफआर ३० च्या वर असेल तर थांबवायची गरज नाही, असं अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांचं मार्गदर्शन आहे. आपल्याकडे, आणि औषधाच्या माहितीपत्रकातही, ६० च्या खाली असेल तर तपासणीपासून ४८ तास थांबवा, असं सांगितलेलं आढळतं. तुमचे फिजिशियन म्हणतील तसं करा. फक्त गोळीच्या पाकिटावर नीट बघा. आपल्याकडे मेटफॉर्मिन बहुधा ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत असतं. ती गोळी बंद म्हणजे दोन्ही औषधं बंद, आणि त्या दोन दिवसांत साखरेसाठी काय घ्यायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. उलटही होतं: सकाळी गोळी घेतली, तपासणीसाठी उपाशी ठेवलं, नंबर लांबला आणि साखर कोसळली. स्कॅन केंद्रात मधुमेही माणसाला यानेच चक्कर येताना मी जास्त पाहिली आहे. आताच्या औषधांसाठी कडक उपास लागत नाही, असं युरोपातलं मार्गदर्शन सांगतं, पण आपल्याकडची बरीच केंद्रं चार-सहा तास उपाशी राहायला सांगतात. तेव्हा फोन करून सकाळची पहिली वेळ मागून घ्या आणि पाणी पिता येईल का तेही विचारा.

आता कोळंबी आणि तिसऱ्या. किनारपट्टीच्या माणसाला हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि तो आईंवर अन्याय करणारा आहे. शिंपल्यांनी किंवा कोळंबीने पित्त उठतं ते त्यांच्यातल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनामुळे. आयोडीनचा त्याच्याशी संबंध नाही. आयोडीन आपल्या गळ्यातल्या थायरॉईडमध्ये असतं, रोजच्या मिठात असतं. त्याची ॲलर्जी असती तर आई मीठ घातलेली आमटी जेवू शकल्या नसत्या. १९७० च्या दशकातल्या एका पाहणीत डायची रिॲक्शन आलेल्या काही लोकांनी मासळीची ॲलर्जी सांगितली आणि तिथून हा समज पसरला. त्याच पाहणीत दूध आणि अंड्यांची ॲलर्जी असलेलेही जवळपास तेवढेच होते, पण दूध पिता का, असं स्कॅनच्या आधी कुणी विचारत नाही. कुठलीही ॲलर्जी असलेल्या माणसाला डायची रिॲक्शन येण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, इतकंच. त्यासाठी तपासणी रद्द करत नाहीत.

विचारायला हवं ते वेगळं आहे: पूर्वी कधी डाय दिला होता का, तेव्हा काय झालं? दमा आहे का, सध्या जोर आहे का? पूर्वी रिॲक्शन आली असेल तर मात्र ती फार महत्त्वाची माहिती. कुठलं औषध होतं, किती वेळाने काय झालं, काय उपचार लागले, हे कागदावर लिहून आधारकार्डासोबत ठेवावं. पुढच्या वेळी दुसऱ्या नावाचं औषध वापरता येतं, आधी स्टेरॉइडच्या गोळ्या देता येतात. त्या काही तास आधीपासून सुरू कराव्या लागतात, टेबलावर झोपल्यावर आठवून उपयोग नाही.

टेस्ट डोस ‘निगेटिव्ह’ आला म्हणून गाफील राहू नये आणि ‘पॉझिटिव्ह’सारखा दिसला म्हणून घाबरू नये. पूर्वी रिॲक्शन न आलेल्या माणसाला आधी थोडंसं टोचून बघितल्याने पुढची रिॲक्शन ओळखता येत नाही. अमेरिका-युरोपातली मार्गदर्शक तत्त्वं तो करू नका म्हणतात. धोका ओळखण्यापेक्षा, तो उद्भवलाच तर हाताळायची तयारी असणं हीच खरी सुरक्षा.

धोका किती? १९९० मध्ये जपानमधल्या ३,३७,६४७ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. गंभीर रिॲक्शनचं प्रमाण जुन्या औषधांत दहा हजारांत २२ होतं, नव्या प्रकारच्या औषधांत ४. आईंना मिळेल ते नव्या प्रकारचं. तरीही केंद्राला नाव विचारा. विचारण्यात संकोच नको. त्या चारांत आपलं माणूस असू शकतं, म्हणून जागेची निवड महत्त्वाची. तपासणीच्या वेळी डॉक्टर इमारतीत हजर असतात का? ॲड्रेनॅलिन, ऑक्सिजन खोलीत आहे का? गंभीर रिॲक्शनमध्ये मांडीत वेळेवर दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं. फक्त तंत्रज्ञ असलेल्या एखाद्या गाळ्यापेक्षा रुग्णालयातलं केंद्र मी पसंत करीन, हजार-दोन हजार जास्त पडले तरी.

एमआरआयबद्दल. ‘त्यात डाय नसतो’ हे अर्धंच खरं. गाठ शोधायची तर तिथेही बहुतेक वेळा औषध देतात, फक्त ते आयोडीनचं नसून गॅडोलिनियमचं असतं. त्याचाही स्वतःचा इतिहास आहे. १९९७ पासून अमेरिकेत डायलिसिसच्या काही रुग्णांची कातडी आणि सांधे लाकडासारखे कडक होत गेलेले आढळले, आणि २००६ मध्ये त्याचा संबंध गॅडोलिनियमशी जुळला. दोष मुख्यतः सैल बांधणीच्या जुन्या औषधांचा होता. गॅडोलिनियमला रेणूच्या कडीत घट्ट धरून ठेवणारी नवी औषधं आल्यावर तो आजार जवळपास दिसेनासा झाला, आणि युरोपीय संघाने २०१७ मध्ये जुन्यांतली बरीचशी बाजूला काढली. म्हणजे एमआरआय वाईट नाही. स्वादुपिंडाच्या नळ्या पाहायला एमआरसीपी नावाचा प्रकार फार चांगला, आणि त्याला औषध लागत नाही. कदाचित आईंना पुढे तोही लागेल. पण त्यात अर्धा-पाऊण तास बोगद्यात निश्चल पडायचं, वारंवार श्वास रोखायचा. दुखत असलेल्या माणसाला ते कठीण जातं आणि चित्र हलतं. सीटीचा पर्याय म्हणून एमआरआय हवा असेल तर फिजिशियनना सरळ विचारा. ते हो म्हणाले तर तो चांगला निर्णय, डायच्या भीतीने घरीच ठरवला तर नाही.

याच निमित्ताने, ज्यांची पत्रं अशाच प्रश्नांची येतात त्या वाचकांसाठी थोडं. अंगावर पाजणाऱ्या आईला डाय दिल्यावर दिवसभर दूध काढून टाकायला सांगतात, त्याची गरज नसते. दिलेल्या औषधाच्या एक टक्क्याहूनही कमी भाग दुधात येतो आणि बाळाच्या पोटातून त्यातला अगदी नगण्य शोषला जातो. गरोदर असाल किंवा शंका जरी असली तरी आधी सांगा. थायरॉईड वाढलेला, गाठींचा असेल किंवा थायरॉईडच्या कॅन्सरसाठी किरणोत्सारी आयोडीन घ्यायचं असेल तर तेही सांगा, कारण सीटीच्या एका डोसात कित्येक ग्रॅम आयोडीन असतं आणि शरीराची रोजची गरज फक्त १५० मायक्रोग्रॅमची. अशा वेळी पुढचे उपचार काही आठवडे लांबवावे लागतात. आणि पक्षाघात, फुप्फुसात अडकलेली गुठळी, फुटू पाहणारी महाधमनी अशा आणीबाणीत क्रिएटिनिनच्या अहवालाची वाट पाहत बसू नये. डॉक्टर ‘आत्ताच करू’ म्हणाले तर होकार द्यावा.

ताई, आता थोडं वेगळं बोलते. तुमच्या पत्रात दादा बोलतात, तंत्रज्ञ बोलतो, शेजारी बोलतात. आई कुठेच बोलत नाहीत. सही कुणी करायची, हा तुमचा प्रश्न आहे, पण ती सही तुमचीही नाही आणि दादांचीही नाही. शुद्धीवर असलेल्या, समजण्यासारख्या सज्ञान माणसाची संमती त्याचीच लागते. २००८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. त्या प्रकरणात भूल दिलेल्या सज्ञान मुलीऐवजी तिच्या आईची संमती घेतली गेली होती आणि न्यायालयाने ती ग्राह्य धरली नाही. इथे उलट चाललं आहे, मुलं आईच्या वतीने ठरवत आहेत. मायेपोटीच. पण माया आहे म्हणून तो हक्क बदलत नाही.

मला असंही वाटतं की घरातला हा वाद पूर्णपणे डायवरचा नसावा. वजन उतरणं, पाठीत कळ, साखर अचानक चढणं, या खुणा वाचल्यावर फिजिशियनच्या मनात काय आलं असेल, ते तुमच्या आणि दादांच्याही मनात आलेलं आहे. तुम्ही तो शब्द लिहिला नाहीत, मीही निदान करणार नाही. स्वादुपिंडाची जुनी सूज किंवा इतरही कारणं असू शकतात. पण जी भीती बोलता येत नाही ती बोलता येणाऱ्या भीतीच्या आड जाऊन बसते, आणि ‘किडनी जाईल’ हे मोठ्याने म्हणता येतं. दादा आईला घेऊन घाट उतरले ते निष्काळजीपणाने नव्हे. अहवालात काय निघेल, ते ऐकायला एकटं उभं राहायची त्यांची तयारी नव्हती, असं मला वाटतं. तेव्हा त्यांना आकडे सांगण्याआधी एवढं म्हणा, की या वेळी मी येते, आपण दोघं जाऊ.

आणि आईंशी बोला. सगळं एकदम नाही. “तुझं वजन का उतरतंय ते सोनोग्राफीत कळलं नाही. शिरेतून औषध देऊन स्कॅन केला तर कळेल. औषधाने क्वचित त्रास होतो, त्याची तयारी ते ठेवतात. किडनीचं आम्ही बघून घेतलंय. तुला काय वाटतं?” आठ किलो वजन गेलेल्या बाईला आपल्याला काहीतरी झालंय हे कुणी सांगावं लागत नाही. त्या कदाचित तुम्हालाच सांभाळून घेत असतील. त्या नको म्हणाल्या तर का नको, ते ऐका. उत्तर तुम्हाला वाटतं त्याहून साधं असू शकतं: सुई नको, यंत्राची भीती वाटते, पैसे किती लागतील.

माझं मत विचाराल तर नवं क्रिएटिनिन या आठवड्यात, आणि ते ठीक आलं तर कॉन्ट्रास्ट सीटी लगेच पुढच्या दोन-चार दिवसांत. आणखी महिना थांबण्याइतका वेळ या लक्षणांत नाही.

त्या दिवशी आईंना आधी सांगून ठेवा की औषध आत जाताना सगळ्या अंगातून गरम लाट गेल्यासारखं होतं, तोंडात धातूसारखी चव येते, आणि लघवी झाली की काय असं वाटतं. तसं काही होत नाही, मिनिटभरात ते ओसरतं. हे माहीत नसलं की माणूस घाबरून हलतो आणि नेमकी ती ४० सेकंदांनी घ्यायची फेरी वाया जाते. श्वास घेऊन दहा-पंधरा सेकंद रोखायची सवय घरी दोन-तीनदा करून घ्या. सुई टोचलेल्या जागी जोरात आग झाली किंवा हात सुजायला लागला तर लगेच ओरडून सांगायचं, कारण यंत्र औषध दाबाने सोडतं आणि कधी ते शिरेबाहेर जातं. अंगाला खाज, गांधी उठणं, घसा आवळणं, श्वास लागणं यांतलं काहीही झालं तरी तसंच. गंभीर रिॲक्शन आलीच तर बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात येते, म्हणून तेवढा वेळ सुई काढू न देता तिथेच बसा. कपडे बदलून लगेच गाडी गाठू नका. घाटातून तीन-चार तासांचा प्रवास आहे, जमलं तर रात्री कोल्हापुरातच राहा. पुढच्या काही दिवसांत अंगावर उशिराने पुरळ येऊ शकतं. ते बहुधा साध्या गोळीने जातं, पण डॉक्टरांना कळवा आणि नोंदवून ठेवा.

फिल्मसोबत सीडी मागून घ्या. पुढे मुंबईला किंवा गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात दुसरं मत घ्यायचं झालं तर फक्त छापील अहवालावर भागत नाही, आणि सीडी नसल्यामुळे तपासणी पुन्हा करावी लागली तर डायही पुन्हा घ्यावा लागेल. दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन परत एकदा करायचं आहे. त्यासाठी कोल्हापूरला जायची गरज नाही, तालुक्याच्या प्रयोगशाळेत होतं. मेटफॉर्मिन थांबवलं असेल तर तो आकडा फिजिशियनना फोनवर कळवून, त्यांनी हो म्हटल्यावर गोळी पुन्हा सुरू करा.